रेषेबाहेरचा दाब

नाशिक रोड
९ मे १९९९

दिनेश,

पत्राच्या डोक्यावर 'सप्रेम जय भीम' लिहायची आपल्या घरची रीत. त्यातलं जय भीम घे. सप्रेम आज राहू दे.

तू हॉस्पिटलात दीड दिवस होतास. त्यातला अर्धा दिवस डॉक्टरांशी इंग्रजीत बोलण्यात गेला आणि उरलेला खालच्या एसटीडी बूथवर. आप्पांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या म्हणून बरं, नाहीतर मुलगा किती वेळा घड्याळ बघतो ते त्यांना दिसलं असतं. तू बडोद्याला गेल्यावर चार दिवसांनी पट्ट्या काढल्या. उजवा डोळा गेला. डाव्याला खिडकी कुठे आहे तेवढं कळतं, आणि तेही लताबाईमुळे. द्राक्षं पॅक करणाऱ्या बायकांची ती मुकादम. तिने आप्पांना ओढत हौदाशी नेलं आणि रिक्षा येईपर्यंत मगाने डोळ्यांत पाणी ओतत राहिली. अमोनिया लागला की दुसरं काही करायचं नाही, नुसतं पाणी ओतायचं, हे तिला आप्पांनीच शिकवलेलं होतं.

आता मुद्द्याचं. कोल्ड स्टोरेजच्या मालकाचं काल पत्र आलं. बावीस वर्षं ज्याने त्यांची मशिनं सांभाळली त्याला दोन ओळींत काढून टाकलंय. कारण लिहिलंय, चालकाचा निष्काळजीपणा. अमोनियाच्या लाइनीचे दोन्ही टोकांचे वाल्व्ह एकदम बंद केले, मधला अमोनिया कोंडला, लाइन फुटली. मी ते आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि संध्याकाळी चहासुद्धा घेतला नाही.

दोन्ही वाल्व्ह बंद केले हे खरंच आहे. पण बावीस वर्षं ते दोन्ही कधीच बंद करत नव्हते, एक वाल्व्ह अर्धा फेरा उघडा ठेवत होते, हेही खरं आहे. मग यंदाच का केले? सोयीस्कर विसरला असशील तर आठवण करून देते.

दिवाळीच्या सुट्टीत तू आला होतास. परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला येणार होता, त्याला सगळं लेखी लागतं. मालक आप्पांना म्हणाला, तुमचा मुलगा इंजिनिअर आहे ना, त्याच्याकडून घ्या लिहून. आप्पा कॉलर ताठ करून तुला प्लांटवर घेऊन गेले. तू अकरा कलमांचा कागद केलास. सातवं कलम, हंगाम संपल्यावर लिक्विड लाइनीचे दोन्ही वाल्व्ह पूर्ण बंद. आप्पा म्हणाले, आपण एक अर्धा फेरा उघडा ठेवतो. आणि तू मालकासमोर हसलास. "आप्पा, अर्धा फेरा म्हणजे काय? लस्सीत मीठ घालताय का अंदाजाने?" मालकही हसला. आप्पाही हसले, काय करतील? घरी येऊन त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा मात्र हसत नव्हते.

तोच कागद प्लॅस्टिकमध्ये घालून कंप्रेसर रूमच्या भिंतीवर लावला होता. चोवीस एप्रिलला आप्पांनी सातव्या कलमाप्रमाणे सकाळी आठला दोन्ही वाल्व्ह बंद केले. दुपारी एकला छतावरच्या पाइपातून टणटण आवाज यायला लागला. आप्पा शिडी चढून गेले ते तो अर्धा फेरा उघडायलाच. हात वाल्व्हच्या चाकावर असताना जोडावरचं गॅस्केट फुटलं.

लताबाई दुसऱ्या दिवशी गेली तर भिंतीवर कागद नव्हता. चार खिळ्यांची भोकं होती.

तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. 'तो कागद मी लिहिला आणि तो भिंतीवर लावला होता', एवढं सही करून पाठव. कामगार कोर्टात आपण जाणार आहोत. पगार, फंड जे काय व्हायचं ते होईल, पण आप्पांच्या नावापुढचा तो शब्द गेला पाहिजे. आणि मला मधे घेऊ नकोस. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

ज्योत्स्ना


नाशिक रोड
२७ जून १९९९

दिनेश,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, वर 'आदरणीय ताई'. एवढा आदर तू मला जन्मात दिला नव्हतास, म्हणजे चांगलाच घाबरलेला दिसतोस.

तू लिहितोस, एप्रिलातल्या बेचाळीस अंशाला अमोनियाचा दाब चौरस सेंटिमीटरला पंधरा किलोच्या आसपास असतो, पाइप एकवीस किलोला तपासलेला होता, म्हणून सातव्या कलमात काही चूक नाही, गॅस्केटच खराब असणार. सोबत आलेख जोडलास. रंगीत. मी फिजिक्स शिकवते रे बाबा, सोळा वर्षं झाली. मला आलेख पाठवतोस?

मागच्या रविवारी चिमाजी उस्ताद आले होते. आप्पांचे गुरू, पंचवटीतल्या बर्फाच्या कारखान्यातले. त्यांच्या हाताखालीच आप्पा शिकले. आता पंच्याऐंशीचे आहेत, काठी टेकत जिना चढले. आप्पांच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? लाइन कोंडली कुणी? आप्पा म्हणाले, माझ्याच हातून झालं. उस्ताद म्हणाले, तुझ्या हातून होणार नाय, कुणी सांगितलं ते बोल.

मग उस्ताद माझ्यावर घसरले. "गॅसचा सिलिंडर कधी गळ्यापर्यंत भरलेला पाह्यला का? वर वाफेला जागा सोडत्यात. का सोडत्यात? तू मास्तरीण ना? तुला तरी कळाया पाहिजे होतं." मी चहा टाकायला आत गेले.

ते गेल्यावर मी पुस्तक काढून बसले. आता तुझ्या रंगीत आलेखाबद्दल ऐक, आणि मधे तोंड घालू नकोस. आडवं तापमान, उभा दाब. तीन रेषा एका बिंदूतून फुटतात आणि तीन वावरं पडतात: घन, द्रव, वायू. द्रव आणि वायूमधली रेषा हा त्या दोन वावरांमधला बांध. बांधावर उभं राहायचं तर दोघंही लागतात, द्रवही आणि वाफही. दोघं आहेत तोवर तापमान सांग, दाब ठरलेला. आप्पांच्या दाब मोजायच्या गेजवर हाच बांध गोल वळवून बसवलाय, बाहेरच्या वर्तुळात दाब आणि आतल्या वर्तुळात त्या दाबाचं तापमान. म्हणून त्यांना आलेख न शिकता सगळं कळायचं. काटा बघून सांगायचे, आत हवा शिरलीय, दोन्ही आकडे जुळत नाहीत.

पण त्या दिवशी पाइप गार द्रवाने काठोकाठ भरलेला होता. वाफेला बोटभर जागा नाही, दोन्ही तोंडं बंद. बांधावर कोण उरलं मग? कुणीच नाही. एकटा द्रव बांध सोडून आपल्या वावरात शिरला, आणि तिथे ऊन एक अंश चढलं की आधीच्या दाबात दहा किलोहून जास्त भर पडते. एका अंशाला! सकाळी आठ ते दुपारी एक, एप्रिलातला पत्रा, किती अंश झाले ते मोज. पंधरा किलो म्हणे. अर्धा फेरा उघडा ठेवला असता तर फुगलेला अमोनिया मागच्या टाकीत गेला असता आणि सगळं बांधावरच राहिलं असतं. सातवी पास माणूस बावीस वर्षं हे बरोबर करत होता.

तू रेषा वाचलीस, ती कुणाला लागू पडते ते वाचलं नाहीस. अकरावीच्या पोरीने ही चूक केली तर मी शून्य मार्क देते.

सही पाठव. टाइप केलेलं नको, हाताने लिही.

ज्योत्स्ना


नाशिक रोड
५ डिसेंबर १९९९

दिन्या,

तारीख लागली. १८ जानेवारी, मंगळवार. मालकाच्या वकिलाने लेखी दिलंय की असा कुठलाही कागद भिंतीवर कधी नव्हताच. लताबाई सांगायला तयार आहे की होता. तिला वाचता येत नाही, त्यामुळे त्यावर काय होतं हे ती सांगू शकत नाही, पण चार खिळे आणि चकाकतं प्लॅस्टिक सांगेल. मालकाच्या माणसाने तिला पुढच्या हंगामात कामावर घेणार नाही असं बजावलंय. ती म्हणाली, "नको घेऊ दे. द्राक्षं काय त्याच्याच घरी पिकत्यात का." सहा महिन्यांत तू जेवढं बोलला नाहीस तेवढं ती एका वाक्यात बोलली.

आता दुसरं. काल कॉलेजला दांडी मारून घरी होते. अकरा वाजता फोन वाजला. मी उठणार तर आप्पा आधीच भिंत चाचपत निघाले होते. म्हणाले, माझाच हाय, दिनेशचा. रोज अकराला असतो. मी अकराला वर्गात असते हे तुला चांगलं ठाऊक आहे.

खरं सांगू? आधी मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगा बापाशी रोज बोलतो, मी उगीच शिव्या घालतेय. आप्पा नुसते हं, हं करत होते. मग म्हणाले, नाय रे, नाय काढत नाव. तू जीवाला लावून घेऊ नको. माझ्या छोट्या नातीला सांभाळ.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, कुणाचं नाव? सांगेनात. रात्रीच्या भाकरीला हात लावणार नाही म्हटलं तेव्हा बोलले. तू त्यांना रोज फोन करून सांगतोस, कागदाचं नाव काढू नका, माझं नाव खराब झालं तर कुठलीच कंपनी मला ड्रॉइंगवर सही करू देणार नाही.

अरे, तुला काही लाजलज्जा? डोळे गेलेल्या माणसाकडून तू शब्द घेतोस? आणि तोही कोण माणूस, तर तुझ्या इंजिनिअरिंगसाठी जो चार वर्षं डबल ड्युटी करत होता, आई गेली त्या आठवड्यातसुद्धा. तुझं नाव खराब होईल म्हणून त्यांचं झालेलं चालतं. कारण त्यांना आता कुठे ड्रॉइंगवर सही करायचीय, असंच ना?

आणखी एक कळलं. त्या कागदाची दुसरी प्रत आप्पांकडे आहे. मालकाने एक भिंतीला लावली, एक आप्पांनी स्वतःच्या पैशाने प्लॅस्टिकमध्ये घालून घरी आणली होती, पोराचा कागद म्हणून. ती त्यांनी उशीखाली ठेवलीय. मला हात लावू देत नाहीत. दिली तरी उपयोग काय? त्यावर ना नाव, ना सही. वकील म्हणेल, तुम्हीच काल टाइप करून आणला. तू येऊन हा माझा म्हटल्याशिवाय तो नुसता कागद आहे.

राग इतका आलाय की अक्षर वाकडं येतंय. वाच तसंच.

ज्योत्स्ना


नाशिक रोड
९ जानेवारी २०००

दिनेश,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. तीन दिवस टाळलं.

गुरुवारी मी आप्पांशी भांडले. मोठमोठ्याने, शेजारी ऐकतील असं. म्हटलं, त्याचा कागद द्या. मी कोर्टात ठेवते, पुढचं पुढे बघू. त्यांनी उशीखाली हात घातला आणि एक नाही, दोन कागद काढले. दोन्ही मांडीवर ठेवून बोटांनी चाचपले.

"हे गुळगुळीत दिनेशचं," ते म्हणाले. "हे खरबरीत तुझं. कोणतं देऊ?"

तुला माहीत नाही, कारण मी तुला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. तू दिवाळीनंतर बडोद्याला गेलास त्या रात्री आप्पा जेवताना माझ्याशी बोलले. म्हणाले, दिनेश म्हणतो दोन्ही बंद करा, उस्ताद म्हणायचे लाइन कोंडायची नाय, तू शिकलेली हायेस, तू सांग. मी ऑक्टोबरचं कॅलेंडरचं पान फाडलं, मागे आलेख काढला. तीन रेषा, तीन भाग. मास्तरकी करायची हौस मला. त्यांना त्यांच्याच गेजवरचे आकडे विचारले आणि ते रेषेवर मांडून दाखवले. किती खूश झाले होते. म्हणाले, आयला, माझं गेज सरळ केलंस की तू. मग मी बेचाळीस अंशावर बोट ठेवलं आणि म्हटलं, पंधरा किलो, याच्या वर काटा जाऊच शकत नाही, निर्धास्त बंद करा.

तुझ्या रंगीत आलेखात जी चूक होती तीच. शब्दन्‌शब्द तीच. सोळा वर्षं शिकवतेय, आणि रेषा कुणाला लागू पडते हे मीही बघितलं नाही. पुस्तकात सगळीकडे बंद भांडं असतं आणि त्यात थोडं पाणी, थोडी वाफ. काठोकाठ भरलेलं भांडं पुस्तकात कधी येत नाही, म्हणून माझ्या डोक्यातही आलं नाही. तुझा कागद त्यांनी मानला नव्हता, दिनेश. तू हसलास तेव्हा ते मनात म्हणाले होते, मी माझा अर्धा फेरा ठेवणारच. माझा आलेख बघून त्यांनी ऐकलं.

आणि मी मे महिन्यात तुला लिहिलं की मला कुणी काही विचारलं नव्हतं. चक्क खोटं लिहिलं. जूनमध्ये तुला शून्य मार्क दिले. उस्तादांनी मला विचारलं तेव्हा चहाच्या नावाने आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. तुझ्यावर जेवढा राग काढला त्यातला निम्मा माझ्यावरचा होता. निम्माच. उरलेला अजून तुझ्यावरच आहे, तो कमी झालेला नाही.

मी आप्पांना विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत? ते म्हणाले, "एक दिलं असतं तर दुसरंबी द्यावं लागलं असतं. दोघं शिकलात, तेवढंच तर केलं मी आयुष्यात. ते कसं खोटं पाडू?"

ऐकलंस? बावीस वर्षं त्यांनी जे हाताने बरोबर केलं ते त्यांच्या हिशोबात धरलेलंच नाही. आपण दोघं शिकलो हे एवढंच धरलंय. आणि त्या आपल्या शिकण्यासाठी ते निष्काळजी म्हणवून घ्यायला तयार आहेत.

मी नाही तयार. अठराला मी माझं पान घेऊन जाणार आहे. आदल्या रात्रीच्या गाडीत बसलास तर सकाळी उतरशील. मी स्टेशनवर येते. शिव्या देणार नाही, निदान घरी पोचेपर्यंत तरी.

ताई


नाशिक रोड
१९ जानेवारी २०००

दिनेश,

तू आला नाहीस. मी दोन गाड्या बघितल्या.

आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कोर्टाच्या पायऱ्या मोजत चढले. लताबाई आली होती, तिने खिळ्यांचं आणि प्लॅस्टिकचं सांगितलं, वकिलाने फिरवून फिरवून विचारलं तरी हलली नाही. मग मी उभी राहिले. कॅलेंडरचं पान टेबलावर ठेवलं. न्यायाधीश साहेबांना रेषा समजावून सांगितली, बांध, दोन्हीकडची वावरं, सगळं. म्हटलं, माझ्या वडिलांना बरोबर माहीत होतं, मी त्यांना चुकीचं शिकवलं. वर्गात सांगते तसं सांगितलं.

मालकाचा वकील हसतच उठला. म्हणाला, म्हणजे यांनी घरच्या सल्ल्यावरून वाल्व्ह बंद केले, यात कंपनीचा काय संबंध? मुलीनेच कबूल केलंय साहेब. माझं खरं बोलणं त्याने उचलून आप्पांच्याच डोक्यावर ठेवलं. मला तिथेच कळलं की माझं पान एकटं काही कामाचं नाही. मी फक्त होकार दिला होता. हुकूम भिंतीवर होता, आणि तो तुझा आहे.

साहेबांनी आप्पांना विचारलं, वाल्व्ह बंद करायचं लेखी कुणी दिलं होतं? आप्पा उभे राहिले. हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, थांबला, परत खाली आला. "आठवत नाय साहेब," ते म्हणाले. दहा वर्षांपूर्वीच्या हंगामात काटा कुठे होता ते तोंडपाठ सांगणारा माणूस भर कोर्टात म्हणाला, आठवत नाय. वकिलाने ते लिहून घेतलं. मला इतका संताप आला की मी बाकाची कड घट्ट धरून बसले.

येताना रिक्षात मी म्हटलं, आप्पा, मी आता सगळ्या कॉलेजात चुकीची ठरले, मग त्याला कशाला वाचवता? ते म्हणाले, तू आपणहून ठरलीस ना. त्यालाबी आपणहून येऊ दे. जबरदस्तीने वाल्व्ह फिरवला की चाक हातात येतं.

म्हणून मी तुझ्याकडून आता सही मागत नाही. पुढची तारीख १४ मार्च, मंगळवार, सकाळी अकरा. तुझ्या फोनची वेळ. त्या दिवशी फोन उचलायला घरी कुणी नसेल, आम्ही दोघं कोर्टात असू. आप्पा तोच सदरा घालणार आहेत, मला आत्ताच धुवायला लावलाय. तुझा कागद त्यांच्या डाव्या खिशात असेल. तो मी काढणार नाही, तेही काढणार नाहीत. तू येऊन काढायचा आहेस. गुळगुळीत आहे, हाताला लगेच लागेल.

ताई